फडाच्या पाटीवरचं नाव

मार्गशीर्ष सरत आला की हिंगोली, वसमत, औंढ्याकडची माणसं नांदेडमार्गे माळेगावच्या जत्रेला निघतात. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठाणं. घोडे, गाढवं, उंट, कुत्री यांचा बाजार एकीकडे आणि तमाशाच्या कनाती दुसरीकडे. कनातीच्या तोंडाशी दिव्यांच्या माळेत फडाची पाटी असते आणि बऱ्याच पाट्यांवर नाव बाईचं असतं. त्यामागे गावाचं नाव, म्हणजे अमुकबाई तमुकगावकर. तिकिटाच्या खिडकीशी ढकलाढकली करणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण दलित बाईचं नाव त्या पाटीवर चढायला दोन पिढ्यांचं आयुष्य खर्ची पडलं आहे.

गाणाऱ्याचं नाव गाण्यात राहावं ही आपली जुनी रीत. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा येते आणि लावणीच्या अखेरच्या कडव्यात शाहिराची छाप येते. नरसी हे नामदेवांचं जन्मगाव हिंगोलीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या घरात दासी म्हणून राहिलेली जनाबाई पलीकडच्या गंगाखेडची. दळण-कांडण करता करता तिने रचलं आणि आपलं नाव अभंगात घातलं, मात्र ते धन्याच्या नावाला बांधून घातलं. तरीही ते टिकलं, कारण शब्द तिचे होते. तमाशातल्या बाईचं तसं नव्हतं. शब्द शाहिराचे, छाप शाहिराची, फड फडमालकाचा. तिच्याकडे फक्त गळा आणि पाय. गळ्याला कुठली आली नाममुद्रा?

आता फडात उभी राहिलेली पहिली बाई म्हणून जिचं नाव घेतात, त्या पवळेकडे येऊ.

ढोलकी फडाच्या तमाशात आधी बाई नसेच. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं, मागे सूर धरणारे सुरते, पुढे सोंगाड्या आणि बाईच्या जागी लुगडं नेसलेला नाच्या पोऱ्या. बाया गात नाचत त्या निराळ्या ठिकाणी. पेशवाईतल्या नाटकशाळांत, श्रीमंतांच्या वाड्यांवर आणि पुढे संगीतबारीत. उघड्या माळावर, शेकडो पुरुषांसमोर, गण-गवळणीपासून वगापर्यंत रात्रभर उभी राहणारी बाई तिथे नव्हती. ही जागा पहिल्यांदा घेतल्याचा मान दिला जातो तो पवळा भालेराव हिवरगावकरीण हिला. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची ही महार घरातली मुलगी, जन्म 1870 चा. लोक तिला ‘नामचंद पवळा’ म्हणत.

नाच्याच्या जागी खरीखुरी बाई आल्यावर काय झालं असेल, हे सांगायची गरज नाही. गर्दी लोटली. तिच्या गोरेपणाच्या आणि नुसतं तोंड पाहायला पैसे मोजणाऱ्यांच्या कहाण्या आजही त्या भागात सांगतात. गंमत बघा, कहाण्या सगळ्या रूपाच्या. ती पट्टीत किती चढायची, गवळण कशी उभी करायची, वगातल्या राणीचा तोरा कसा सांभाळायची, यावर कहाणी सांगणारे गप्प. जिच्यासाठी माणसं कोसावरून बैलगाड्या जुंपून आली, तिच्या कलेचं वर्णन करायला कुणाला उसंत झाली नाही.

मग तिच्या आयुष्यात पठ्ठे बापूराव आले. खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866, गाव रेठरे हरणाक्ष, आजचा सांगली जिल्हा. घरात कुलकर्णी वतन आणि हातात लेखणी. वतन सोडून हा ब्राह्मण तरुण तमाशात उतरला आणि शीघ्रकवी म्हणून गाजला. बापूराव आणि पवळा एकत्र आले, तेव्हा तमाशाचं गणितच बदललं. त्यांचा फड मुंबईत पोचला. तिथे पुणे, सातारा, नगर, कोकणातून आलेले गिरणी कामगार होते. बारा-बारा तास साच्यावर उभं राहिल्यावर त्यांना आपल्या बोलीतलं, आपल्या मातीतलं काही हवं होतं. तमाशा माळावरून थिएटरात गेला, तिकिटाचा झाला. कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांपुढे या जोडीने मिठाराणीचा वग केला. साल 1908-09 च्या सुमाराचं. एका अंगाने हा दोघांचा भरभराटीचा काळ.

दुसरं अंग असं, की बापूरावांनी स्वतःची जात आणि पवळेची जात दोन्ही रंगमंचावर आणल्या. आपण सोवळं गुंडाळून ठेवलं आणि महारांबरोबर तमाशाला उभे राहिलो, हे त्यांनी आपल्याच कवनात बेधडक सांगितलं आहे. त्या काळाच्या मानाने हे धाडस होतं, यात शंका नाही. ब्राह्मणांनी त्यांना वाळीत टाकलं, घरचे दुरावले. पण त्यातून जे आकर्षण तयार झालं त्याचा हिशोब सरळ मांडला पाहिजे. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी ही जोडी हाच खेळाचा मोठा भाग होता आणि तो तिकिटाच्या खिडकीवर विकला जात होता. कुलकर्णी तमाशात आला तर तो त्याग ठरला, पवळा आली तर ती तिच्या जातीची रीत ठरली. पुढे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शाहीर पठ्ठे बापूराव यांच्यासाठी स्वतंत्र मजकूर आला आणि पवळा त्यांच्या चरित्रातलं एक प्रकरण झाली. सिनेमा निघाला तोही ‘पठ्ठे बापूराव’ याच नावाने.

या काळातली एक घटना धनंजय कीरांच्या आंबेडकर चरित्रात आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. महाडच्या सत्याग्रहाला निधी हवा होता. आपल्या काही खेळांचं उत्पन्न या कामाला देतो, असं बापूराव बाबासाहेबांना सांगायला गेले. बाबासाहेबांनी नकार दिला. महार बायांना नाचवून मिळवलेला पैसा अस्पृश्यांच्या चळवळीला नको, असा त्याचा अर्थ होता. साल 1927. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणं हा माणूसपणाचा प्रश्न होता. तो लढवायचा आणि त्याच समाजातल्या बाईवर उधळलेल्या दौलतजादाचे पैसे खिशात घालायचे, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नऊ वर्षांनी, जून 1936 मध्ये, परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढे बोलताना त्यांनी तीच गोष्ट आणखी कठोर शब्दांत मांडली. हे जिणं सोडा, गरिबीत राहा पण सन्मानाने राहा.

मला विचाराल तर बाबासाहेबांचा नकार बरोबरच होता. पण त्या चर्चेत दोन पुरुष आहेत. एक देऊ करतो, दुसरा नाकारतो. ज्यांच्या घामाचा पैसा, त्या बाया त्या खोलीत नाहीत. त्यांना कुणी विचारलंही नाही. नंतर महार समाजात तमाशाविरुद्ध वारं फिरलं, गावोगाव ठराव झाले, बायांनी फड सोडावेत म्हणून दबाव आला. त्याच सुमाराला तमाशाचा साचा घेऊन आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. गणात देवाऐवजी बाबासाहेबांचं स्तवन आलं, गवळणीची चेष्टा जाऊन अंधश्रद्धेची, सावकाराची, भटजीची टर आली. आपल्या दहा सभा एका जलशाच्या बरोबरीच्या, असं बाबासाहेब म्हणाल्याचं कार्यकर्ते सांगत आले आहेत. जलसा मोठाच, पण त्यात स्त्रीपात्र पुन्हा पुरुषच करत. म्हणजे बाईची अब्रू वाचवताना बाईचा आवाजही बाहेर गेला आणि नाच्या पोऱ्या नव्या कपड्यांत परत आला. हे म्हणायला जड जातं, पण तसं झालं खरं.

पवळा 1939 मध्ये गेली. बापूराव त्यानंतर सहा वर्षांनी, 22 डिसेंबर 1945 रोजी, पुण्यात हलाखीत वारले.

स्वातंत्र्य आल्यावर सरकारलाही तमाशाची लाज वाटू लागली. बाळासाहेब खेरांच्या सरकारने 1948 च्या सुमाराला मुंबई प्रांतात त्यावर बंदी घातली. फड बसले, हजारो पोटं उपाशी राहिली. कलावंतांनी दाद मागितल्यावर महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणा समिती नेमली गेली, बंदी उठली आणि संहिता तपासून घेण्याची अट आली. पेशवाईच्या इतिहासाचा गाढा अभ्यासक आणि तमाशा सुधारणारी समिती! मधल्या मधे ‘लोकनाट्य’ हा सभ्य शब्द रुजला. पांढरपेशा प्रेक्षक आला तो लोकनाट्याला आणि सिनेमाला. ‘सांगत्ये ऐका’ 1959 मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. सुलोचना चव्हाणांनी लावणी घराघरांत नेली. डोक्यावरचा पदर न ढळू देता, जागचं न हलता त्यांनी ठसका उभा केला, तो गळाच तसा होता. त्यांच्या गाण्याला नावं ठेवणं करंटेपणाचं होईल. पण लावणीचा आवाज एकीकडे आणि ती नाचणारं शरीर दुसरीकडे, अशी वाटणी इथेच पक्की झाली. आवाज दिवाणखान्यात आला, शरीर कनातीतच राहिलं. शर्मिला रेगे यांनी लावणीच्या या वरच्या जातींकडच्या प्रवासावर सविस्तर लिहिलं आहे. अलीकडे शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या 2022 च्या पुस्तकात पवळेला पुन्हा मध्यभागी आणून बसवलं.

या सगळ्या गदारोळात एक फड मात्र आपली जात पाटीवर लिहून गावोगाव फिरत होता. भाऊ-बापू मांग नारायणगावकर. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच आणि यात्रा कमिटीचे लोक येऊन सुपाऱ्या ठरवतात. मांग समाजातल्या या घराण्यात भाऊंची मुलगी विठा जन्मली ती जुलै 1935 मध्ये, खुद्द पंढरपुरात. पंढरपुरात जन्मलेल्या मुलीचं नाव दुसरं काय ठेवणार!

ती फडातच वाढली. शाळा नाही, पण चाली कानावर, ठेका पायात आणि आजूबाजूला सगळी घरचीच माणसं. पवळेपुढे शाहीर परका होता, विठाबाईच्या मागे बाप आणि चुलता होते. हा फरक मोठा. तिने लावणी म्हटली, वगात राणी झाली, हजरजबाबी बतावणी केली आणि वडिलांनंतर फड मोडकळीला आला तेव्हा स्वतःच्या नावाने उभा केला. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जातीचं नाव, गावाचं नाव, सगळं एका पाटीवर. आता ती नुसती गाणारी नव्हती, मालकीण होती.

फडमालकीण म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहायला हवं. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांनी संपतो. पावसाळ्यात कमाई शून्य. त्या महिन्यांत कलावंतांना जगवायचं तर उचल द्यावी लागते, नाहीतर चांगला सोंगाड्या किंवा ढोलकीवाला दुसऱ्या फडात जातो. उचलीसाठी सावकाराकडे हात पसरायचा. हंगामात ट्रक, डिझेल, तंबू, दिवे, रोजची दोन वेळची चूल. एका गावची सुपारी पावसाने किंवा मारामारीने बुडाली की पुढच्या चार गावांची कमाई त्यात जाते. शिवाय पुढच्या रांगेतले पाटील, सरपंच, फौजदार आणि कनात फाडून आत शिरणारं टोळकं. हे सगळं सांभाळून तोंडाला रंग लावायचा आणि रात्री अकराला गणाला उभं राहायचं.

विठाबाईंची सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट याच चौकटीत बघायला हवी. नऊ महिने भरलेले असताना त्या खेळाला उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या, तशा मागे गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आल्यावर त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला, असं सांगतात. ही गोष्ट भाषणांत येते, लेखांत येते आणि दर वेळी टाळ्या घेते. मला त्या टाळ्या खटकतात. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावं का लागलं, हे कुणी विचारत नाही. सुपारी घेतलेली होती. खेळ झाला नसता तर पैसे परत करावे लागले असते आणि फडातल्या माणसांच्या चुली पेटल्या नसत्या. गिरणीतल्या बाईला तोवर बाळंतपणाची रजा कायद्याने मिळत होती. तमाशातल्या बाईला कसली रजा?

सरकारदरबारी मान मिळाला. 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. 1962 च्या युद्धाच्या दिवसांत जवानांसमोर त्यांनी खेळ केले. ‘तमाशा सम्राज्ञी’ हे बिरुद लोकांनीच लावलं. त्यांच्या मुलीने, मंगला बनसोडे यांनी, पुढे स्वतःचा फड काढून तो महाराष्ट्रभर गाजवला. पण सम्राज्ञीचं म्हातारपण कर्जात आणि आजारपणात गेलं. 15 जानेवारी 2002 रोजी त्या वारल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांनी वर्गणी काढल्याचं लिहिलं गेलं आहे. चार वर्षांनी राज्य सरकारने त्यांच्याच नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. लाखांची रक्कम, शाल, श्रीफळ. त्यातला निम्मा पैसा 2001 मध्ये हातात पडला असता तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो. योगीराज बागूल यांनी त्यांचं चरित्र लिहून ठेवलं, म्हणून निदान एका बाईची हकीकत सलग वाचायला मिळते.

गाणं बाईचं आणि पाटी दुसऱ्याची, हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत कंट्री म्युझिक नावाचं गावरान गाणं आहे. शेत, दारू, देव, विरह, रेल्वे हे त्याचे विषय. हे गोऱ्यांचं संगीत, असा तिथला बाजार सांगत आला. त्यातलं बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचं, हे सोयीस्करपणे विसरून. साउथ कॅरोलायना राज्यातली लिंडा मार्टेल ही काळी गायिका 1969 मध्ये या प्रांतात शिरली. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या मानाच्या मंचावर एकटीने गाणारी ती पहिली काळी बाई. ‘कलर हिम फादर’ हे तिचं गाणं कंट्रीच्या यादीत 22 व्या क्रमांकापर्यंत गेलं, 1970 मध्ये अल्बम आला. तो काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं ‘प्लांटेशन रेकॉर्ड्स’. प्लांटेशन म्हणजे जिथे तिचे पूर्वज गुलाम म्हणून राबले ते मळे. श्रोत्यांतून शिव्या आल्या. कंपनीच्या मालकाशी बिनसल्यावर दारं बंद झाली. ती गावी परतली आणि पुढे शाळेची बस चालवू लागली. 2024 मध्ये बियॉन्सेने आपल्या ‘काउबॉय कार्टर’मध्ये तिचा आवाज घेतला, तेव्हा ऐंशी पार केलेल्या लिंडाबाईंचं नाव जगाने पुन्हा ऐकलं. भाऊ-बापूंनी ‘मांग’ हा शब्द पाटीवर स्वतः लिहिला होता. लिंडाच्या तबकडीवर ‘प्लांटेशन’ दुसऱ्याने छापलं. फरक असला तर तेवढाच आणि तो लहान नाही.

आपल्याकडे मराठवाड्यात दलित बाईच्या गाण्याने एक आणखी वाट काढली, फडाच्या बाहेरची. 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव केला आणि गावं पेटली. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता. 1994 च्या 14 जानेवारीला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षं वामनदादा कर्डकांची आणि इतर शाहिरांची गाणी मोर्च्यांत, वस्त्यांत, लग्नांत म्हटली गेली. बायांनी मात्र त्याच्याही आधीपासून जात्यावर भीमाच्या ओव्या रचल्या होत्या. माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या शेजारणींच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी 1996 मध्ये ध्वनिमुद्रित केल्या. जात्यावरच्या ओव्यांचा त्यांचा संग्रह लाखाच्या वर गेला. त्यात प्रत्येक ओवीपुढे ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. हे काम कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोलाचं. आता संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन भीमगीत गातात आणि ते मोबाइलवरून खेड्यापाड्यांत ऐकलं जातं. कनात नाही, सुपारी ठरवणारा पंच नाही, दौलतजादा नाही. गळा त्यांचा आणि नावही त्यांचंच.

फडात, बारीत किंवा भजनी मेळ्यात उमेदीची वर्षं घालवलेली एखादी म्हातारी तुमच्या गावात असेलच. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. 2024 पासून रक्कम दरमहा 5000 रुपये झाली आहे. अर्जाला कलेचा पुरावा लागतो आणि जुनं हँडबिल, फोटो, कात्रण नेमकं तिच्यापाशीच नसतं. गावातल्या शिकल्या-सवरल्यांनी तिच्यासोबत बसावं, कागद गोळा करावेत, अर्ज भरून द्यावा. बसलाच आहात तर मोबाइल चालू करून तिची दोन गाणी उतरवून घ्या आणि त्याला तिचं पूर्ण नाव द्या.